सायकलला मोटार लागली, कायद्याचे काय?

आमच्या वस्तीत एक मामा आहेत. सगळेच त्यांना मामा म्हणतात, म्हणून आम्हीही म्हणतो. वय छप्पन्न. हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात चौकीदारी करतात. नागपूरच्या उत्तर टोकाकडून हिंगण्याला जायचे म्हणजे जाऊन-येऊन तीस किलोमीटरच्या आसपास पायडल मारणे आले. दुसऱ्या पाळीला सुटी होते तेव्हा बस नसते, ऑटोवाला रात्रीचे जे भाडे मागतो ते दिवसाच्या मजुरीला भोक पाडते आणि गाडी घ्यायची तर हप्ता, विमा, पेट्रोल हे सगळे चौकीदाराच्या पगारात बसत नाही. बावीस वर्षे मामांनी काळ्या सायकलवर काढली. मग गुडघे गेले. डॉक्टर म्हणाले, सायकल सोडा. मामा आम्हाला म्हणाले, "वकीलसाहेब, सायकल सोडली तर नोकरी सोडावी लागते. डॉक्टरला काय सांगू?"

भाच्याने मोबाईलवर व्हिडिओ दाखविला. साध्या सायकलला किट बसवा, विजेवर चालवा, लायसन्स नको, आरटीओ नको, विमा नको. किट, बॅटरी आणि मजुरी मिळून वीस हजारांच्या आत काम झाले. त्यासाठी मामींची भिशी मोडली. पुढे जे घडले त्यात आम्ही वकील म्हणूनही अडकलो आणि वस्तीतला माणूस म्हणूनही. म्हणून हा लेख.

आधी हे यंत्र काय आहे ते समजून घेऊ. आपल्यातले पुष्कळ लोक हे किट घेत आहेत आणि विकणारे अर्धेच सांगत आहेत. सायकलला मोटार लावण्याची कल्पना नवी नाही. ऑग्डेन बोल्टन नावाच्या अमेरिकन माणसाने १८९५ साली मागच्या चाकाच्या तुंब्यातच मोटार बसविलेल्या सायकलचे पेटंट घेतले होते. आजचे किट त्याच तत्त्वावर आहे. चाकाच्या मध्यभागी मोटार, तिला विजेचा पुरवठा कमी-जास्त करणारा कंट्रोलर, एक बॅटरी, हँडलवर पीळ देण्याचा किंवा अंगठ्याने दाबण्याचा थ्रॉटल आणि पायडलजवळ एक सेन्सर. पायडल फिरले की सेन्सर मोटारीला जागे करतो, पाय थांबले की मोटार थांबते. याला पेडल-असिस्ट म्हणतात. थ्रॉटलने मात्र पाय न हलविताही सायकल पळते. हा फरक बारीक दिसतो, पण कायद्याचे अर्धे भांडण याच फरकावर उभे आहे.

बॅटरीचे गणित सोपे आहे. ३६ व्होल्ट आणि १० अँपिअर-तास म्हणजे ३६० वॅट-तास. सपाट रस्त्यावर, स्वतःही पायडल मारत गेले तर किलोमीटरला साधारण १० ते १२ वॅट-तास लागतात. म्हणजे एका चार्जिंगमध्ये तीस किलोमीटर. चार्जरमध्ये वाया जाणारी वीज धरूनही अर्ध्या युनिटच्या आत बॅटरी भरते. युनिटला आठ-दहा रुपये लागले तरी पाच रुपयांच्या आत काम होते. तेवढ्याच अंतराला मोपेड सत्तर रुपयांच्या घरात पेट्रोल पिते. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर फरक किती होतो तो हिशेब वाचकांनी करावा. मामींनी तो भिशी मोडण्याआधीच केला होता.

पण मामांची सायकल ही दुकानाच्या काचेमागची गियरची सायकल नव्हती. कडीच्या ब्रेकची, पोलादी चिमट्याची, दुधाचे कॅन वाहणारी ती काळी सायकल. किटवाल्यांनी ही सायकल डोळ्यांसमोर ठेवून काही बनविलेले नाही. मोटारीच्या तुंब्याला ३६ आरे बसतात आणि या सायकलच्या पुढच्या चाकाला ३२, मागच्याला ४० आरे असतात. म्हणजे जुनी रिम चालत नाही. रिम बदलली की कडीचा ब्रेक बसत नाही, कारण तो रिमच्या बाजूवर नव्हे, आतल्या अंगावर दाबतो. किटसोबत ब्रेकच्या दोन मुठी येतात. ब्रेक दाबताच मोटारीचा करंट तोडणारा स्विच त्यांच्यात असतो. त्या मुठी तारेच्या ब्रेकसाठी असतात, कडीच्या नव्हे. आमच्या मिस्त्रीने मागचा कडीचा ब्रेक तसाच ठेवला आणि करंट तोडणारा स्विच बाजूला टाकून दिला. "काही होत नाही" म्हणाला.

दुसरी चूक याहून वाईट होती. मोटारीची दांडी साध्या चाकाच्या दांडीपेक्षा जाड असते, म्हणून त्याने चिमट्याची खाच कानशीने घासून मोठी केली. साध्या चाकात दांडीवर पिळाचा जोर येत नाही. मोटारीच्या चाकात मोटार चाकाला जितक्या जोराने पुढे ढकलते तितक्याच जोराने दांडी खाचेत उलटी फिरायला बघते. ती फिरू नये म्हणून लोखंडाची एक पट्टी दांडीला अडकवून चिमट्याला आवळायची असते. तिला टॉर्क आर्म म्हणतात. किमतीच्या मानाने ती काहीच नाही, पण पुष्कळ किटसोबत ती येत नाही आणि आली तरी मिस्त्री ती डब्यातच ठेवतो. मामांच्या सायकलची दांडी तिसऱ्या आठवड्यात फिरली. दांडीतून बाहेर येणाऱ्या वायरी पिळून तुटल्या आणि चाक चिमट्यातून अर्धे निसटले. रात्रीचे सव्वाबारा वाजले होते. वेग कमी होता म्हणून हातावर निभावले. पुढचे चाक पूर्ण सुटले असते तर हा लेख वेगळा लिहावा लागला असता.

मिस्त्रीला आम्ही दोष देत नाही. तीस वर्षे त्याने पंक्चर काढले आणि आऊट काढले. मोटारीचे शिक्षण त्याला कोणी दिले? आपल्या वस्त्यांमध्ये आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन आणि फिटर होऊन बाहेर पडलेली आणि घरी बसलेली पोरे आहेत. त्यांना आठ-पंधरा दिवसांत हे काम नीट शिकविता येईल. मागासवर्गीयांसाठी असलेली विकास महामंडळे छोट्या धंद्यांना कर्ज देतात. सायकल परिवर्तनाचे दुकान हा त्या यादीत बसणारा धंदा आहे. अर्ज करणाऱ्यांनी तसे लिहून अर्ज करावेत. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागावे.

आता कायदा. दुरुस्ती होऊन महिनाही झाला नव्हता, तोच रात्रीच्या गस्तीवरच्या पोलिसांनी मामांना अडविले. पायडल न मारता सायकल कशी पळते, लायसन्स कुठे आहे, नंबर का नाही? सायकल शहरातल्या एका पोलीस ठाण्यात जमा झाली, त्या रात्री मामांची पाळी बुडाली आणि मजुरी कापली गेली. सकाळी मामा आमच्या दारात. आम्ही काळा कोट घातला आणि निघालो. आमची खात्री होती की दहा मिनिटांत सायकल घेऊन येऊ.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २ (२८) मध्ये मोटार वाहनाची व्याख्या आहे. यांत्रिक शक्तीने चालणारे आणि रस्त्यावर वापरण्याजोगे वाहन म्हणजे मोटार वाहन, मग ती शक्ती आतून येवो की बाहेरून. चारपेक्षा कमी चाकांचे आणि २५ घन सेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनाचे वाहन या व्याख्येतून वगळलेले आहे. पण विजेच्या मोटारीला घन सेंटिमीटर कुठले? म्हणून केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम २ (यू) मध्ये बॅटरीवरील वाहनांसाठी वेगळे परंतुक आहे. मोटारीची तीस मिनिटांची शक्ती पाव किलोवॅटपेक्षा, म्हणजे २५० वॅटपेक्षा कमी असावी आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असावा. पेडल-असिस्ट सायकल असेल तर वेग २५ वर पोहोचेपर्यंत मोटारीचा जोर हळूहळू कमी होत बंद व्हावा आणि पायडल थांबताच मोटारही थांबावी. ब्रेक योग्य असावेत, पुढे पांढरा आणि मागे लाल परावर्तक असावा. असे वाहन मोटार वाहन मानले जाणार नाही. मग लायसन्स नाही, नोंदणी नाही, विमा नाही.

विक्रेते इथपर्यंतच वाचतात, आणि खरे सांगायचे तर त्या सकाळी आम्हीही इथपर्यंतच वाचून गेलो होतो. ठाण्यातले अधिकारी सभ्य होते. त्यांनी आम्हाला खुर्ची दिली, चहा सांगितला आणि म्हणाले, "वकीलसाहेब, नियम मीपण वाचला आहे. यात या अटी चाचणी संस्थेने तपासून मान्य केलेल्या असाव्यात असे लिहिले आहे. तो कागद दाखवा, सायकल घेऊन जा."

कागद नव्हता. नियम १२६ मध्ये ज्या चाचणी संस्था दिल्या आहेत त्यांत पुण्याची एआरएआय ही आपल्याला माहीत असलेली संस्था. तिथे कारखानदार आपले मॉडेल नेतो, चाचणी करून घेतो आणि मग त्या मॉडेलच्या हजारो सायकली विकतो. इंदोऱ्याच्या मिस्त्रीने जुळविलेली एक काळी सायकल घेऊन चौकीदाराने पुण्याला जावे, अशी कायद्याची अपेक्षा आहे काय? नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर हा माणूस नव्हताच. त्याच्यासमोर कारखाना होता. सायकल सुटली ती मोटार काढून ठेवण्याच्या तोंडी अटीवर. पुढचे दोन महिने मामा त्याच गुडघ्यांनी पायडल मारत राहिले.

येथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आम्ही वाचकांची फसवणूक करू. बाजारात २५० वॅटचा शिक्का मारून विकले जाणारे सगळेच २५० वॅटचे नसते. शिक्का कोणीही मारतो. ३६ व्होल्टचा, १५ अँपिअरचा कंट्रोलर चढावावर पाचशे वॅटच्या वर करंट ओढू देतो. कित्येक कंट्रोलरमध्ये वेगमर्यादेची एक छोटी वायर असते. ती जोडली तर मर्यादा लागते, काढली की मर्यादाही जाते आणि दुकानदार ती काढूनच देतो. ४८ व्होल्ट आणि हजार वॅटचे किटही 'सायकल किट' म्हणून विकले जाते. चाळीसच्या वेगाने पळणारे ते यंत्र कडीच्या ब्रेकवर कसे थांबेल? ते मोटार वाहन आहे, यात आम्हाला शंका नाही.

आणि मोटार वाहन ठरले की काय होते? दंडाची पावती ही सगळ्यात लहान गोष्ट. २०१९ च्या दुरुस्तीनंतर लायसन्सविना चालविण्यास पाच हजार, विमा नसल्यास पहिल्या वेळी दोन हजार रुपये दंड आहे. खरी भीती अपघाताची. अशा सायकलने रस्त्यावरच्या माणसाला धडक दिली, तो जायबंदी झाला किंवा दगावला तर कलम १६६ खाली दावा उभा राहू शकतो. विमा नाही म्हणजे भरपाई सायकलच्या मालकाच्या खिशातून. त्याचा खिसा म्हणजे वस्तीतली खोली. उलट एखाद्या ट्रकने मामांना उडविले तर ट्रकच्या विमा कंपनीचा वकील पहिला प्रश्न विचारील की हा सायकलस्वार विनापरवाना मोटार वाहन चालवीत नव्हता काय? आम्ही ट्रिब्युनलमध्ये हे प्रश्न रोज ऐकतो. भरपाईची रक्कम अशाच प्रश्नांनी खाली येते.

आणखी एक गोष्ट आयांनी आणि बापांनी कान देऊन ऐकावी. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. त्या सायकलींनी गावागावांतल्या आपल्या मुली शाळेत टिकविल्या आहेत. आता काही पालक त्याच सायकलींना किट लावण्याचे विचारतात. पेडल-असिस्टचे, मर्यादेतले, कागद असलेले किट असेल तर आमचा विरोध नाही. पण मोठ्या ताकदीचे किट लावून पंधरा वर्षांच्या मुलीला दिले आणि ते मोटार वाहन ठरले तर २०१९ साली आलेले कलम १९९ अ लागते. अल्पवयीनाच्या गुन्ह्यासाठी पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड. मुलीचे भले करायला गेलेला बाप कोर्टाच्या पायऱ्या चढेल.

असे दिल्लीत घडून गेले आहे. ई-रिक्षा तिथे अशाच आल्या. अडीचशे वॅटच्या आत आहे म्हणून लायसन्स नको, नंबर नको, असे सांगून त्या विकल्या गेल्या. प्रत्यक्षात त्यांची ताकद कितीतरी जास्त होती. ३१ जुलै २०१४ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्यावर बंदी घातली. कर्ज काढून रिक्षा घेतलेले हजारो गरीब एका दिवसात बेकायदेशीर झाले. त्यानंतर २०१५ साली संसदेने कायद्यात कलम २ अ घातले आणि चार हजार वॅटपर्यंतच्या ई-रिक्षा आणि ई-कार्टला कायद्यात जागा दिली. हे अशक्य नव्हते, तर मग आधी का झाले नाही? कारण आधी ओरड नव्हती. ई-रिक्षा चालविणारे रस्त्यावर आले, मते दिसू लागली आणि कायदा बदलला. सायकलला मोटार लावणारा चौकीदार, पेपरवाला, गवंडी, धुणीभांडी करणारी बाई एकेकटे आहेत. त्यांची संघटना नाही.

कर पाहा. ऑगस्ट २०१९ पासून विजेच्या वाहनांवर ५ टक्के जीएसटी आहे आणि त्यात ई-सायकलही धरली आहे. ज्याच्याजवळ तीस-चाळीस हजारांची तयार ई-सायकल घेण्याची ऐपत आहे त्याला ५ टक्के. ज्याच्याजवळ जुनी सायकल आहे आणि जो फक्त लिथियम बॅटरी विकत घेतो त्याला बॅटरीवर १८ टक्के. २०२२ साली दिल्ली सरकारने ई-सायकलींसाठी साडेपाच हजार रुपयांपर्यंत अनुदान जाहीर केले, तेही तयार सायकलींसाठी. जुने लोखंड भंगारात न घालता त्यालाच कामाला लावणारा माणूस पर्यावरणाचे जास्त भले करतो. पण सवलत नव्या वस्तूला आहे, कारण नवी वस्तू विकणाऱ्याला मंत्रालयात ओळखतात.

बाबासाहेबांनी १९४५ साली काँग्रेस आणि गांधी यांच्यावरील ग्रंथात यंत्राचा प्रश्न स्पष्ट मांडला होता. यंत्राला शाप देणे श्रीमंतांना परवडते. ज्याचे शरीर कामात झिजते त्याला यंत्रच फुरसत देऊ शकते आणि फुरसतीशिवाय माणसाला माणूसपण येत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. व्हाइसरॉयच्या मंडळात ते मजूर मंत्री होते तेव्हा विजेचा विषयही त्यांच्याच खात्यात होता. मामा म्हणाले, "मोटार होती तेव्हा घरी आलो की नातवाचा अभ्यास घेत होतो. आता येतो आन् पडतो." एवढ्यासाठी आम्ही हा कायद्याचा कीस काढतो आहोत.

बॅटरीबद्दल दोन शब्द, कारण आपली घरे दहा बाय दहाची आणि वर टिनाचे छप्पर. नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळीस गाठतो. लिथियम बॅटरी उन्हातून आणल्या आणल्या चार्जिंगला लावू नये. ती निवू द्यावी. ३६ व्होल्टच्या नेहमीच्या लिथियम-आयन बॅटरीचा चार्जर ४२ व्होल्टचा असतो. पिन बसते म्हणून शेजाऱ्याच्या गाडीचा चार्जर लावू नये. दाराच्या वाटेत, गादीजवळ, रात्रभर चार्जिंग नको. पेटली तर बाहेर निघायची वाट तीच असते. स्वस्त म्हणून शिशाच्या तीन बॅटऱ्या लावणारेही आहेत. त्या दहा-बारा किलोच्या होतात आणि लवकर बसतात. बसल्यावर भंगारात जातात. ते भंगार कोण फोडतो? आपलीच पोरे, उघड्या हाताने. शिसे रक्तात जाते आणि लहान मुलांच्या मेंदूवर बसते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटरीची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. घेतानाच दुकानदाराला विचारा की जुनी परत घेणार का, आणि बिलावर लिहून घ्या.

बिलाचा आग्रह सगळ्याच गोष्टीत धरा. मोटारीचे वॅट, वेगमर्यादा, चाचणीच्या प्रमाणपत्राची प्रत. आम्ही चार दुकानांत ती प्रत मागितली. दोघांनी हसून टाळले, एकाने तयार सायकलीचे प्रमाणपत्र किटचे म्हणून दाखविले. चौथा मात्र म्हणाला, "साहेब, तुम्ही पहिले गिऱ्हाईक आहात ज्याने हे विचारले." बिलावर '२५० वॅट, परवाना लागत नाही' असे लिहून देणारा दुकानदार खोटा निघाला तर ग्राहक आयोगात त्याला खेचता येते. तोंडी सांगणाऱ्याला नाही.

मामांची सायकल आम्ही पुन्हा उभी केली आहे. चिमटा नवा, टॉर्क आर्म दोन्ही बाजूंनी, तारेचे ब्रेक आणि त्यात करंट तोडणारा स्विच, पुढे पांढरा आणि मागे लाल परावर्तक. मर्यादेची वायर जोडून वर सील केली. थ्रॉटल काढला. तो आमच्या ऑफिसच्या खणात पडून आहे. आता ती पायडल मारले तरच जोर देते आणि पंचवीसच्या पुढे गप्प होते. नियमाच्या सगळ्या अटी ती पाळते. फक्त कागद नाही. मामांनी विचारले, चालवू का? वकील म्हणून आम्ही 'चालवा' म्हणालो नाही. त्यांचे गुडघे पाहून 'चालवू नका' असेही म्हणवले नाही. ते चालवीत आहेत.

घरी जुळविलेल्या सायकलींची तपासणी जिल्ह्याच्या ठिकाणी, नाममात्र शुल्कात करून प्रमाणपत्र देण्याची सोय करावी, असा अर्ज आम्ही परिवहन खात्याकडे पाठविला आहे. सोबत माहितीच्या अधिकारात दोन प्रश्न विचारले आहेत. अशा किती सायकली आजवर जप्त केल्या आणि त्यांपैकी कितींची ताकद यंत्राने मोजून पाहिली? पोच मिळाली आहे. उत्तर आले की याच सदरात देऊ. दरम्यान ज्यांच्या सायकली अशा कारणाने जमा झाल्या असतील त्यांनी जप्तीची पावती जपून ठेवावी, आणि दिली नसेल तर ठाण्यात जाऊन लेखी मागावी.